लेबलकाका आणि पोर्ट नंबर बावीस

लेबलकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आमच्या जनावरांच्या इस्पितळात कोणी उरलं नव्हतं. हजेरीपटावर ते नाव होतं, पण हजेरीपट काही हाका मारत नाही. त्यांचं काम कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन आणि या सगळ्यांच्या वायरी सांभाळण्याचं. जिन्याखालची खोली त्यांची. तिथे त्यांच्याकडे एक छोटं यंत्र होतं. त्यावर अक्षरं टाइप केली की पांढऱ्या चिकटपट्टीवर छापून बाहेर येत. ते यंत्र हातात आल्यापासून इस्पितळात काय कुठे आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका म्हणून राहिली नाही.

स्टेपलरवर ‘स्टेपलर’ होतं. दारावर ‘ओढा’ होतं आणि त्याच दाराच्या पलीकडच्या बाजूला ‘ढकला’. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं तेव्हा रिकाम्या खिळ्याखाली ‘घड्याळ दुरुस्तीला’ अशी पट्टी लागली, आणि घड्याळ परत आलं त्याच तासाला ती निघाली. लेबल खोटं पडणं हे काकांच्या लेखी छताला गळती लागण्याइतकं गंभीर होतं. खुद्द यंत्रावर ‘लेबल-यंत्र’ अशी पट्टी होती. ती कोणासाठी, असं एकदा हेडक्लार्कनी विचारलं. काका म्हणाले, “नवीन माणसासाठी.” काकांच्या खोलीत नवीन माणूस अकरा वर्षांत आलेला नव्हता.

घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे बारा कप्पे होते, त्यांना त्यांनी एक ते बारा आकडे दिले आणि कोणत्या कप्प्याचा क्रम काय, याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावली. एक ते चार रोजचे, पाच ते आठ आठवड्याचे, उरलेले कधीतरीचे. काकू घरी शिवणकाम करतात, त्यामुळे त्या बोलतात तेव्हा बहुधा ओठांत टाचण्या असतात आणि बोलणं आपोआप थोडक्यात होतं. यादी लागली त्या दिवशी त्यांनी ती वाचली, चहाचा डबा नवव्या कप्प्यातून काढून पहिल्यात ठेवला आणि पहिल्यातलं काकांचं पाचक चूर्ण नवव्यात टाकलं.

“अगं, यादी केलीय ना मी!”

“यादी कप्प्यांची आहे. मोडली का मी?”

काकांनी यादी पाहिली. मोडली नव्हती. त्यांना दोन दिवस अस्वस्थ वाटलं, आणि चूर्ण नवव्यात असल्यामुळे त्यावर इलाजही हाताशी नव्हता.

आता कपाटाचंच निघालं आहे तर जिन्याखालच्या खोलीतल्या कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यात घडलं.

ते लोखंडी कपाट भिंतीवर छातीच्या उंचीला लावलेलं आहे. आत एक चपटा डबा. डब्याला ओळीने चोवीस पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या चोवीस जागा, आणि प्रत्येकीखाली तिचा आकडा. इस्पितळातल्या खोल्याखोल्यांतून निघालेल्या वायरी भिंतींतून फिरत फिरत इथे येतात आणि एकेका पोर्टात शिरतात. चोविसाव्या पोर्टातून एकच वायर बाहेरच्या जगाकडे जाते. जाणारे तेवीस आणि दार एक, असा तो मामला. या डब्याला स्विच म्हणतात. जुना स्विच भोळा होता. जो आधी आला तो आधी गेला, मग तो कोणी का असेना. गेल्या वर्षी तो जळाला आणि त्याच्या जागी शहाणा आला. या नव्याला सांगून ठेवता येत होतं की अमुक नंबरच्या पोर्टातून आलेलं आधी सोड, तमुक नंबरच्या पोर्टातलं मागून.

लेबलकाकांनी आयुष्यात केलेली सर्वांत मोठी चूक म्हणजे ही गोष्ट त्यांनी बैठकीत सांगितली.

सांगण्यामागे हेतू शुद्ध होता. इस्पितळाचा फोनही याच वायरींवरून चालतो, आणि फोनला पुढे सोडावं एवढंच त्यांना म्हणायचं होतं. “कॉम्प्युटरवरून पत्र दोन मिनिटं उशिरा गेलं तरी पत्रच राहतं,” ते म्हणाले. “आवाज अर्धा सेकंद अडकला तर त्याचा कचरा होतो. चार रांगा करता येतात. पहिल्या रांगेत कोणी उभं असेपर्यंत स्विच दुसरीकडे बघतसुद्धा नाही.”

पाचजणांच्या कमिटीने यातलं ‘पहिली रांग’ एवढंच ऐकलं. पुढच्या तीन बैठका त्याच्यावर गेल्या. इस्पितळाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, ते पहिल्या रांगेत असणार याबद्दल दुमत नव्हतं. मग उपप्रमुख, मग शस्त्रक्रियेचे, मग पक्षी की गुरं यावर दीड तास, मग कार्यालय, भांडार, नोंदणी. अशी सेवाज्येष्ठता खाली खाली उतरत गेली. बावीस नंबरवर फोनचं टेबल आलं आणि तेविसावर प्रतीक्षागृहातला टीव्ही, ज्यावर दिवसभर जंतांची माहिती चालते. चौथ्या रांगेत दोघं जवळजवळ होते, एवढंच सुख.

“फोन खाली गेला,” काका म्हणाले.

“फोन नाही, पद खाली आहे,” हेडक्लार्क म्हणाले. “आपण पदांचा क्रम लावतोय. फोनला वर घेतलं तर ड्रेसिंगवाले विचारतील, आम्ही काय पाप केलं?”

याच हेडक्लार्कनी मात्र आदेश लिहिताना एक नाजूकपणा दाखवला. नावं किंवा खोल्या त्यांनी कागदावर घातल्याच नाहीत. “शेवटी नाव आलेल्याला वाईट वाटतं,” ते म्हणाले, “आकड्याला वाईट वाटत नाही.” म्हणून आदेशात फक्त एवढं आलं: पोर्ट क्रमांक एक ते सहा पहिली रांग, सात ते बारा दुसरी, तेरा ते अठरा तिसरी, एकोणीस ते तेवीस चौथी; कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय यात बदल करू नये. खाली पाच सह्या आणि शिक्का. लेबलकाकांनी स्विचला तसं सांगितलं, वायरी ज्येष्ठतेने खुपसल्या आणि आदेश कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. शेजारी त्यांची स्वतःची पट्ट्यांची यादी: कोणत्या पोर्टात कोणाची वायर. एक – मोठे डॉक्टर. बावीस – फोन.

आता बावीस नंबरकडे येऊ.

फोनच्या टेबलामागे सव्वीस वर्षं एकच बाई बसत आल्या आहेत. त्यांना सगळे फोनताई म्हणतात, मोठे डॉक्टरही. त्यांच्या कामाचं वर्णन नियमावलीत ‘आलेले फोन योग्य विभागास जोडणे’ असं आहे. घोडेवाला घोड्यावर बसतो म्हणण्याइतकंच ते खरं आहे. निम्मे फोन ताई जोडतच नाहीत, कारण जोडायची वेळ येत नाही.

“काय गिळलंय म्हणता? बटण? कोटाचं का शर्टाचं? मग रडताय कशाला, उद्या सकाळी मिळेल परत. धुऊन घ्या मात्र.”

“नाही हो आजी, पोपट रुसत नाही. तुम्ही पिंजरा खिडकीतून हलवलात ना? ठेवा परत. आणि संध्याकाळी सांगा मला, काय म्हणाला ते.”

“फोन त्याच्या तोंडाशी धरा जरा. तुम्ही गप्प बसा, त्याला बोलू द्या… हं. अहो, हा धापा टाकतोय, हे वाट बघण्यातलं नाही. उचला आणि निघा. मी गुरांच्या डॉक्टरांना फाटकावर उभं करते.”

आणि डॉक्टर फाटकावर उभे राहत, कारण ताईंनी सांगितलेलं असे.

हा क्रम लागू झाल्यानंतर साधारण महिनाभराने तक्रारी सुरू झाल्या. ताईंचा आवाज तुटतो. अर्धे शब्द गिळतात. काय बोलतात कळत नाही, काही विचारलं की नुसतं खर-खर. मौज अशी की समोरच्याचं बोलणं ताईंना लख्ख ऐकू येई. त्यामुळे आपल्याबद्दलची प्रत्येक तक्रार त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न गळता ऐकावी लागे, आणि त्यावर त्या जे सांगत ते पलीकडे पोचत नसे.

कमिटीने चौकशी केली. चौकशी म्हणजे हेडक्लार्कनी शेजारच्या खोलीतून ताईंना फोन लावला. आवाज घंटेसारखा स्वच्छ. आतल्या आतला फोन त्या बाहेरच्या दारापर्यंत जातच नाही, तर अडणार कुठे? पण हे हेडक्लार्कना कोणी सांगावं. निष्कर्ष असा निघाला की यंत्रणा ठीक आहे, बाई बाहेरच्यांशी निष्काळजीपणे बोलतात.

“माझा घसा तपासला,” ताईंनी जिन्याखाली येऊन काकांना सांगितलं. “इथल्याच डॉक्टरांनी. ‘आ करा’ म्हणाले. टॉर्च कुत्र्यांचाच होता, मी ओळखते तो. तपासून झाल्यावर सवयीने माझ्या मानेवरून हात फिरवला.”

“काय निघालं?”

“दात चांगले आहेत म्हणाले वयाच्या मानाने.” मग त्या स्टुलावर बसल्या. स्टुलावर ‘स्टूल’ लिहिलेलं होतं. “काका, हसू नका. शुक्रवारी ते आपोआप फोन घेणारं यंत्र दाखवायला माणूस येतोय. कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरासाठी दोन दाबा. पसंत पडलं की मी तळघरात, जुन्या केसपेपरांपाशी. सहा वर्षं राहिलीत माझी. तिथे बोलू कोणाशी मी? फायलींशी?”

काका हसत नव्हतेच. त्यांना हसायला वेळ लागतो.

“दिवसभर तुटतो का आवाज?”

“सकाळी येते तेव्हा ठीक. दहा-सव्वादहाला बिघडते, एकपर्यंत. जेवणानंतर परत सुधारते. कमिटीचं मत आहे की मी उपाशीपोटी नीट बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लेबलकाका स्टूल घेऊन कपाटासमोर बसले. दहा वाजून सात मिनिटांनी मोठ्या डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली. बाराव्या मिनिटाला पोर्ट एकचा हिरवा दिवा पेटला आणि ज्वर चढल्यासारखा लुकलुकू लागला. काकांनी कॉम्प्युटरवर स्विचच्या हिशेबाचं पान उघडलं. पोर्ट एकमधून बाहेर जाणाऱ्या सामानाचा आकडा धावत सुटला होता, आणि त्याच क्षणापासून पोर्ट बावीसपुढे ‘टाकून दिलेले’ या मथळ्याखाली आकडे वाढू लागले होते. ताईंचं बोलणं, तुकड्या-तुकड्याने.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. जनावरांच्या इस्पितळात ते कळायला एवढे दिवस लागले हीच लाज.

मोठ्या डॉक्टरांना निवडुंगांचा नाद आहे. माणूस शस्त्रक्रियेत टाका असा घालतो की सुईलासुद्धा कळू नये. पण ऑपरेशन संपलं की डोक्यात निवडुंग. घराच्या गच्चीवर एकशे चाळीस कुंड्या, आणि रोज सकाळी त्यांतल्या सोळांचे चारही बाजूंनी फोटो, भिंतीएवढे छापता येतील अशा आकाराचे. निवडुंग वर्षाला नखभर वाढतो. ती वाढ निसटू नये याची पूर्ण काळजी घेतली जात होती. कार्यालयात येऊन कॉम्प्युटर सुरू केला की त्या सकाळचे फोटो आपोआप बाहेरच्या, इंटरनेटवरच्या साठवणीत जाऊ लागत. ते जात होते पोर्ट एकमधून, पहिल्या रांगेतून, पाच सह्या आणि शिक्क्यानिशी. पहिल्या रांगेत काटे उभे असेपर्यंत स्विच चौथ्या रांगेकडे बघणार नव्हता. तसं त्याला सांगितलेलंच होतं, आणि सांगणारे काकाच होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरालाही आपण काही चोरतोय याचा पत्ता नव्हता.

काका सरळ माणूस. त्यांनी अर्ज लिहिला: पोर्ट क्रमांक बावीस पहिल्या रांगेत घ्यावा. निवडुंगांचा उल्लेख त्यांनी चार वेळा लिहून चार वेळा खोडला. हेडक्लार्कनी अर्ज वाचला आणि दोन्ही हातांनी परत केला, जणू तो ओला होता.

“पुढची बैठक तीन महिन्यांनी आहे.”

“यंत्राची बैठक शुक्रवारी आहे.”

“ती यंत्राची. ही पोर्टांची. काका, एकदा क्रम हलवला ना, की सगळे मागे लागतात. पक्षीवाले अजून माझ्याशी बोलत नाहीत.”

“मग मोठ्या डॉक्टरांना नुसतं सांगितलं तर? की तुमच्या फोटोंमुळे…”

हेडक्लार्कनी चष्मा काढला. “तुम्ही सांगणार?”

काकांनी दाराकडे पाहिलं. दारावर ‘ओढा’ लिहिलं होतं. त्यांनी ओढलं आणि ते बाहेर आले.

बुधवारी संध्याकाळी काका घरी आले ते थेट पहिल्या कप्प्यासमोर उभे राहिले. काकू मशीनवर कोणाची तरी बाही चढवत होत्या.

“नववा,” त्या म्हणाल्या. “चूर्ण नवव्यात आहे.”

“चूर्ण नकोय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ताई, तळघर, निवडुंग, शिक्का. काकूंनी मध्ये एकदाही मशीन थांबवलं नाही, पण पाय हळू झाला.

“तर नियम असा आहे,” काका म्हणाले, “की पोर्ट एक पहिल्या रांगेत आणि पोर्ट बावीस चौथ्या. त्याला मी हात लावू शकत नाही. सह्या आहेत.”

“कागदावर कोणाचं नाव आहे?”

“नाव नाही. आकडेच आहेत.”

काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. इतक्या वर्षांच्या संसारात काकांना हे ठाऊक झालं होतं की टाचण्या निघाल्या म्हणजे वाक्य लांब येणार.

“अहो, माझ्या चहाच्या डब्याचं काय केलं होतं मी? तुमची यादी फाडली? आकडे पुसले? कप्पा एक पहिला तो पहिलाच राहिला. त्यात काय ठेवायचं ते ज्याला रोज चहा करायचा त्याने ठरवलं. दोन दिवस तोंड पाडून बसला होतात तेव्हा, आठवतंय ना? त्याचा काही उपयोग करा आता.”

काकांनी पहिला कप्पा उघडला, चहाचा डबा पाहिला. मग म्हणाले, “पण माझ्या पट्ट्या खोट्या पडतील.”

“मग नव्या छापा. त्यासाठीच तर ते खेळणं दिलंय तुम्हाला.”

गुरुवारी सकाळी आठला, झाडूवाली व्हरांड्यात असताना, लेबलकाकांनी कपाट उघडलं. आदेश पुन्हा एकदा वाचला, आपण काल वाचला तेव्हापासून त्यात काही बदल झाला असेल तर म्हणून. मग पोर्ट एकमधली वायर काढली, बावीसमधली काढली, आणि दोन्ही हातांत दोन वायरी धरून ते क्षणभर तसेच उभे राहिले. या माणसाने आयुष्यात ‘प्रवेश बंद’ लिहिलेल्या दारातून आत पाहिलंही नव्हतं. मग त्यांनी फोनची वायर एकमध्ये घातली आणि मोठ्या डॉक्टरांची बावीसमध्ये. दोन टिकटिक आवाज झाले. आदेशातलं अक्षरही हललं नाही.

एवढ्यावर दुसरा कोणी कपाट बंद करून चहाला गेला असता. काकांनी यंत्र काढलं आणि दोन पट्ट्या छापल्या. ‘१ – फोन’. ‘२२ – मोठे डॉक्टर’. म्हणजे गुन्हा करून त्याची पाटी लावली. जुन्या पट्ट्या सोलून त्यांनी नव्या चिकटवल्या. पहिली नीट बसली. दुसरी लावताना व्हरांड्यात बादली वाजली, हात हलला, आणि पट्टी तिरपी लागली. ती काढून पुन्हा लावण्याइतका धीर त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

शुक्रवारी अकराला यंत्रवाला आला. टाय घातलेला, हसरा, बोलण्यात ‘अनुभव’ हा शब्द वारंवार आणणारा. यंत्रातल्या बाईचा आवाज खरोखर गोड होता. कमिटीतले दोघं तिच्याकडे आदराने बघू लागले, म्हणजे डब्याकडे.

“आपण बाहेरून तपासून बघू,” मोठे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया करणारा माणूस; दुसऱ्याच्या अहवालावर टाका घालत नाही. ते मोबाइल घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले. वर त्यांच्या कॉम्प्युटरवरून सोळा निवडुंग चारही बाजूंनी बाहेर पडत होते. जिन्याखाली लेबलकाका कपाटाला पाठ लावून उभे होते, आणि आम्ही बाकीचे भांडाराच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो.

मोठ्या डॉक्टरांनी आधी यंत्राला फोन लावला. त्यांच्या तोंडावरून काय चाललंय ते दिसत होतं. कुत्र्यासाठी एक, मांजरासाठी दोन, गायी-म्हशींसाठी तीन, घोड्यासाठी चार. त्यांनी काहीतरी दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. मग फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. नंतर कळलं की त्यांनी शेळी घ्यायची ठरवली होती, आणि शेळी ‘इतर लहान प्राणी, नऊ दाबा’ यात होती, आणि नऊ दाबलं की बाई पुन्हा कुत्र्यापासून सुरुवात करत होती.

मग त्यांनी ताईंना लावला. आवाज बदलून, जरा खेडवळ करून. कमिटी ताईंच्या टेबलाभोवती उभी होतीच.

“हॅलो, जनावरांचं इस्पितळ का? माझी शेळी आहे, ती काय खातच नाही बघा.”

“कधीपासून?”

“कालपासून.”

“पोट डाव्या अंगाला फुगलंय का? थोपटून बघा, ढोलकीसारखं वाजतं का?”

मोठ्या डॉक्टरांनी थोपटून बघायची शेळी बरोबर आणली नव्हती.

“वाजतंय,” ते म्हणाले.

“मग फोनवर वेळ घालवू नका, उभी ठेवा तिला, बसू देऊ नका, आणि घेऊन या. मी गुरांच्या डॉक्टरांना सांगते.” मग ताईंचा सूर बदलला. “सर, रस्ता ओलांडताना जपून या. पंक्चरवाल्याचा पंप चालू आहे तुमच्या मागे, हॉर्न ऐकू येणार नाही तुम्हाला.”

फुटपाथवर मोठे डॉक्टर वळले. त्यांच्या मागे पंक्चरवाला होता.

परत आल्यावर ते यंत्रवाल्याला एवढंच म्हणाले, “तुमच्या बाईंना शेळी शिकवा, मग बघू.” हेडक्लार्कनी हळूच विचारलं की ताईंचा आवाज कसा येत होता. “कसा म्हणजे? मला दटावलं त्यांनी. प्रत्येक शब्द पोचला.” ताई टेबलामागे बसून पुढचा फोन घेत होत्या. मागच्या अंगणात मात्र गुरांचे डॉक्टर अर्धा तास फाटकावर शेळीची वाट बघत उभे होते, कारण शेळी येतेय हा निरोप त्यांना पोचला होता, शेळी नाहीच हे सांगायचं राहून गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर काकांना झोप लागली असती. पण कपाटात पट्टी होती, आणि पट्टी खरी होती. दर वेळी जिन्यावर पावलं वाजली की काका कुलूप चाचपत. काकूंनी त्यांना चूर्णाचा डबा पहिल्या कप्प्यात आणून ठेवायची परवानगी दिली, यावरून काय ते समजा.

तीन आठवड्यांनी पावलं वाजली आणि थांबली. दारात मोठे डॉक्टर.

“काका, माझा कॉम्प्युटर हल्ली जरा रेंगाळतो. फोटो जायला संध्याकाळ होते. तो डबा आहे ना तुमचा, बघू जरा.”

दुसऱ्या कोणी ‘किल्ली घरी राहिली’ म्हटलं असतं. काकांची किल्ली खुंटीवर होती आणि खुंटीखाली ‘कपाटाची किल्ली’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी कपाट उघडलं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि ऑपरेशनआधी बघतात तसं वरपासून बघायला सुरुवात केली. आदेश वाचला. मग शेजारच्या पट्ट्या. एकवर बोट थांबलं. मग बोट खाली उतरत उतरत बावीसवर आलं.

“हा मी?”

“होय सर.”

“कधीपासून?”

“सोळा तारखेपासून. सकाळी आठपासून.” वेळ कोणी विचारली नव्हती, पण काकांना अर्धवट माहिती देता येत नाही. मग एका दमात त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. फोटो, रांगा, ताईंचे टाकून दिलेले शब्द, आणि आदेशातलं अक्षरही हललेलं नाही हे दोनदा.

मोठ्या डॉक्टरांचं बोट अजून बावीसवरच होतं. वर फोनच्या खोलीतून ताईंचा आवाज येत होता, कोणाला तरी सांगत होत्या की मांजर परत येतं, तुम्ही दार उघडं ठेवा आणि हाका मारणं बंद करा.

“फोटो पोचतात ना पण? सगळे?”

“सगळे. पाच वाजेपर्यंत.” काकांनी हातातलं कुलूप दुसऱ्या हातात घेतलं. “सर, निवडुंगाला तशी घाई नसते.”

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. काकांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धाडसी वाक्य होतं आणि ते परत घ्यायची सोय त्यांच्या यंत्रात नव्हती.

“ती पट्टी,” मोठे डॉक्टर म्हणाले, “बावीसची. तिरपी लागलीय.”

आणि ते जिना चढून गेले.

ताईंनी नंतर काकांना विचारलं, सर काय म्हणाले? त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या टेबलापाशी बसून इस्पितळातली कुठलीही गोष्ट ठाऊक नसणं शक्य नसतं. काकांनी सांगितलं, रागावले. पट्टी तिरपी होती म्हणाले. ताई इतक्या हसल्या की बाहेरचा एक फोन दोन घंटा जास्त वाजला.

काकांनी त्याच दुपारी बावीसची पट्टी सोलली, नवी छापली आणि मोजपट्टी धरून लावली. ती अजून सरळ आहे.